दोजोत जिंकते, मॅटवर हरते

पत्र: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सहा वर्षांपासून कराटेचा क्लास (दोजो) घेतो. शोतोकान शैली शिकवतो. माझी एक विद्यार्थिनी १५ वर्षांची आहे, वजन ५६ किलो. जिल्ह्यात ती सलग दोन वर्षं पहिली आली. राज्य स्पर्धेत मात्र दोन्ही वेळा पहिल्याच बाउटला (लढतीत) बाहेर पडली. एकदा ३–० ने हरली. दुसऱ्यांदा २–२ झाले, पण सेन्शू (पहिल्या गुणाचा फायदा) समोरच्या मुलीकडे होता. शिवाय तोंडाला लागलं म्हणून हिला चुई (ताकीद) मिळाली. मोबाइलवरच्या व्हिडिओत तिचे दोन ग्याकू-झुकी (मागच्या हाताचे ठोसे) बसलेले दिसतात, पण जजचे झेंडे वर गेले नाहीत. क्लास आठवड्यातून चार दिवस, दीड तास असतो. वॉर्म-अप, किहोन (मूलभूत तंत्रं), काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम), पंचिंग बॅग आणि शेवटची पंधरा मिनिटं फाइट. पुढची स्पर्धा आठ आठवड्यांवर आहे. तिचा स्टॅमिना कमी पडतोय का? रोज पाच किलोमीटर पळवू का? आणि वजन उतरवून ५४ च्या खाली खेळवलं तर बरं पडेल का? तिच्या आईवडिलांचाही तसाच आग्रह आहे.

नमस्कार सर,

वजनाचा विषय आधी संपवू, कारण तो आठ आठवडे लांबवण्यासारखा नाही. वाढ चालू असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचं वजन स्पर्धेसाठी उतरवू नका. दोन किलो फार वाटत नाहीत, पण ते उतरवतात कसे हे तुम्हीही पाहिलं असेल. शेवटचे तीन दिवस रात्रीचं जेवण बंद, पाणी घोटभर, आणि वर स्वेटर घालून पळणं. त्यात चरबी जात नाही, पाणी जातं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं तरी खेळ मंदावायला लागतो, लक्ष टिकत नाही, पाय जड होतात. आणि तिच्या बाबतीत दोन टक्के म्हणजे सव्वा किलोसुद्धा नाही. कुमितेत (फाइटमध्ये) खेळाडूची सगळी पुंजी नजर आणि पहिलं पाऊल. तीच ती वजनकाट्यावर सोडून येईल. वारंवार असं केलं तर पाळी अनियमित होते, आणि हाडं भरायच्या वयात हाडांनाच पुरेसं मिळत नाही. तिची पाळी तीन महिने आली नसेल, किंवा ती सतत दमलेली आणि फिकट दिसत असेल, तर स्पर्धा बाजूला ठेवून तिला डॉक्टरांकडे न्यायला सांगा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. हा विषय काढायला पुरुष प्रशिक्षकांना संकोच वाटतो. तिच्या आईशी बोला, पण बोलायचं टाळू नका.

एक गोष्ट तपासूनही घ्या. वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या नियमांत १४-१५ वयाचा कॅडेट गट आहे आणि १६-१७ चा ज्युनिअर. वय स्पर्धेच्या पहिल्या दिवशीचं धरतात. या आठ आठवड्यांत तिला सोळा पूर्ण झाली, तर ५४ ची रेषाच उरत नाही. ज्युनिअर मुलींमध्ये रेषा ५३ आणि ५९ वर आहेत, म्हणजे ५६ किलोला ती न उपाशी राहता ५९ खालच्या गटात बसते. शालेय स्पर्धांचे वजनगट आणखी वेगळे असतात. प्रवेश अर्ज भरण्याआधी त्या स्पर्धेचं परिपत्रक आणि चालू नियमावली आयोजकांकडून मागून घ्या. गेल्या काही वर्षांत कुमितेचे नियम बरेच बदललेत. जुन्या पाठांतरावर विसंबू नका. आईवडिलांना सांगताना मात्र नियमांपेक्षा तब्येतीचं कारण पुढे ठेवा, कारण खरं कारण तेच आहे.

आता स्टॅमिना. दम कमी असलेला खेळाडू तिसऱ्या-चौथ्या बाउटला पडतो, किंवा शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याचे हात खाली येतात आणि तो मार खातो. तुमची विद्यार्थिनी पहिल्याच बाउटला जाते. कॅडेट आणि ज्युनिअरची बाउट दोन मिनिटांची. त्यातली खरी चकमक एक ते तीन सेकंदांची असते. मग यामे (थांबा), पुन्हा जागेवर, पुन्हा हाजिमे (सुरू). एका चालीत रोज पाच किलोमीटर पळून त्या दोन सेकंदांत काही भर पडत नाही. उलट संध्याकाळी ती थकलेल्या पायांनी क्लासला येते आणि तिचं पहिलं पाऊल आणखी हळू होतं. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं हलकं पळणं पुरे आहे.

पत्रातली खरी माहिती तुमच्या वेळापत्रकात आहे. राज्य स्पर्धेत जे कौशल्य लागतं, ते ती रोज सगळ्यात शेवटी, दमल्यावर, पंधरा मिनिटांत आणि त्याच चार-पाच ओळखीच्या मुलींसमोर करते. कोण कधी येतं, कोणाचा कोणता पाय उठतो, हे तिला तोंडपाठ आहे. जिल्ह्यात तेवढ्यावर भागतं. राज्य पातळीवर समोर अनोळखी मुलगी असते, आणि ती आपल्या सोयीने उभी राहत नाही. तिथे ठोसा चांगला असून भागत नाही. जागा दिसणं, त्याच क्षणी निघणं, योग्य अंतरावर पोहोचणं आणि सावध राहून बाहेर पडणं, हे सगळं एका दमात जमावं लागतं. तुमच्या क्लासमध्ये ठोसा शिकवला जातो, तो क्षण शिकवला जात नाही. पुढचे आठ आठवडे त्यावरच घालवा.

सुरुवात झेंड्यांपासून करू, कारण तिचे दोन गुण तिथेच गेले. मॅटच्या चार कोपऱ्यांत चार जज बसतात, आणि निदान दोघांनी एकाच रंगाचा झेंडा दाखवला तरच रेफरी गुण देतो. तुमचा मोबाइल एका बाजूला होता. त्या बाजूने ठोसा बसलेला दिसला, म्हणजे चारपैकी दोघांना तो दिसला असं नाही. तो व्हिडिओ पुन्हा लावा आणि तीन ठिकाणी थांबवा: ठोसा सुटण्याआधी, ठोसा पोहोचताना, आणि त्यानंतरचा एक सेकंद. पहिल्या ठिकाणी पाहा की ती कोपऱ्यात अडकून, दोन जजकडे पाठ करून मारतेय का. दुसऱ्या ठिकाणी पाहा की कंबर ठोशाबरोबर पूर्ण फिरली आहे का, की नुसता खांदा पुढे गेलाय आणि धड वाकलंय. खांदा पुढे टाकून पोहोचलेली मूठ जजला ढकलल्यासारखी दिसते. तिसरं ठिकाण सगळ्यात महत्त्वाचं आहे. ठोसा मारला की मान वळवणं, डोळे मिटणं, पाठ फिरवून निघून जाणं, ही सवय या वयाच्या मुलामुलींमध्ये फार दिसते. समोरून उत्तर येईल या भीतीने ते आपोआप होतं. जजच्या दृष्टीने तिथे झानशिन (ठोशानंतरही टिकलेली सावधता) नाही, म्हणून झेंडा नाही. हीच सवय वाढली तर स्वतःच्या बचावाकडे दुर्लक्ष केलं म्हणून मुबोबीची ताकीदही मिळते.

उपाय क्लासमध्येच आहे आणि त्याला खर्च नाही. लाल आणि निळ्या कापडाचे चार जोड शिवून घ्या. हॉलमध्ये टेप लावून ८ मीटर बाय ८ मीटरचा चौक आखा. तेवढी जागा नसेल तर निदान एक पूर्ण कोपरा खऱ्या मापाचा आखा, कारण कोपऱ्यातून बाहेर पडणं हेही शिकायचं आहे. आठवड्यातून दोनदा चार विद्यार्थी चार कोपऱ्यांत खुर्चीवर बसवा. तुम्ही रेफरी. दोन झेंडे आले तरच गुण. बसलेल्यांना आधी निकष सांगा: तंत्र नीट होतं का, वेग आणि जोर होता का, वेळ साधली का, अंतर बरोबर होतं का, आणि नंतर ती सावध राहिली का. दोन आठवड्यांत दोन गोष्टी घडतील. खेळणाऱ्या मुलीला कळेल की मधोमध, अंगाची बाजू उघडी ठेवून केलेला हल्ला चौघांना दिसतो. आणि झेंडा धरणाऱ्या मुलांना कळेल की बाहेरून नेमकं काय दिसतं. त्यांचा स्वतःचा खेळ त्यातूनच सुधारतो.

झानशिनसाठी वेगळा सराव एकच: ठोसा, लगेच मूठ परत, नजर समोरच्या छातीवर, आणि दीड पाऊल तिरकं बाहेर. सरळ मागे नको, कारण समोरची मुलगी सरळच पाठलाग करते. बाहेर पडल्यावर जोडीदाराने दर वेळी एक उत्तर द्यायचं, ठोसा किंवा लाथ, आणि तिने ते अडवायचं किंवा चुकवायचं. जोडीदार कधीच उत्तर देत नसेल तर मान वळवायची सवय जाणार नाही. एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा, रोज.

यानंतर अंतर. शोतोकानच्या किहोनमध्ये लांब झेनकुत्सु-दाचीत (पुढचा गुडघा वाकवलेल्या पवित्र्यात) मोजून पुढे जायची सवय असते. ती काताला हवीच, पण कुमितेतलं अंतर प्रत्येकीचं स्वतःचं असतं आणि ते तिला पायात भिनलेलं असावं लागतं. जोडीदाराला स्थिर उभं करा. तुमची विद्यार्थिनी पाऊल न उचलता, फक्त पुढच्या हाताच्या किझामी-झुकीने जोडीदाराच्या चेहऱ्याजवळ पोहोचेल तिथे उभी राहू दे; पुढच्या पायाच्या बोटांसमोर टेप लावा. मग मागच्या पायाने एकदा जोरात रेटून, सरकत जाऊन ती जितक्या लांबून पोहोचते तिथे दुसरी टेप लावा. पहिल्या रेषेच्या आत ती विनाकारण उभी राहिली तर समोरची तिला सहज गाठते. दुसऱ्या रेषेच्या बाहेरून निघाली तर ठोसा अपुरा पडतो आणि उत्तर मिळतं. तिचा सगळा खेळ या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात शिरण्याचा आणि निघण्याचा आहे. हाच प्रकार जोडीदार हळूहळू मागे-पुढे सरकत असताना करा. तेव्हा टेप नाही, पण दर वेळी ठोसा थांबला तिथे थबकून अंतर पाहायचं. जोडीदार पुढे येत असताना तिला दुसऱ्या रेषेच्याही बाहेरून निघता येतं, कारण उरलेलं अंतर समोरचीच भरून काढते. देआईचं (समोरची आत येतानाच मारण्याचं) सगळं रहस्य एवढंच आहे, आणि राज्य पातळीवरचे पुष्कळ गुण तिथेच मिळतात.

तुम्ही "इच, नी, सान" मोजून हल्ल्यांचा सराव घेत असाल तर कुमितेसाठी तो बंद करा. मोजणीने कान तयार होतो. मॅटवर कोणी मोजत नाही. तिथे खूण डोळ्यांना दिसते. जोडीदाराला तीन खुणा ठरवून द्या: पुढचा हात खाली येणं, पुढचा गुडघा उचलणं, आणि वजन पुढच्या पायावर घेऊन आत येणं. कोणती खूण कधी हे त्याने ठरवायचं. हात खाली आला तर किझामी, गुडघा उठला तर मागे न जाता तिरकं सरकून चुदान (पोटाच्या पातळीचा) ग्याकू-झुकी, आत आली तर जागेवरूनच ग्याकू. चौथी खूण फसवी ठेवा, म्हणजे जोडीदार नुसता खांदा हलवेल आणि तिने हलायचं नाही. न हलणं हेसुद्धा शिकावं लागतं; फसव्या हालचालीला दचकून निघालेल्या मुलीवर राज्य स्पर्धेत सर्रास गुण घेतात. प्रत्येक प्रयत्न दोन-तीन सेकंदांचा, मध्ये तीस सेकंद शांत बाउन्स (जागेवर हलकं उसळत राहणं). आठ प्रयत्नांचा एक संच, तीन संच. श्वास लागलेला असताना हा सराव करू नका. दमलेलं शरीर हळू निघायला शिकतं आणि तेच लक्षात ठेवतं.

जोडीदारांपैकी निदान दोघांना उजवा पाय पुढे ठेवून उभं राहायला लावा. तुमच्या क्लासमध्ये बहुधा सगळे डावा पाय पुढे ठेवतात. उलट्या स्टान्समध्ये दोघींचे पुढचे हात एकमेकींना अडवतात, किझामीला वाट मिळत नाही, पण पोटाची बाजू उघडी पडते. तिथे मागच्या पायाची चुदान मावाशी-गेरी (गोल फिरवलेली लाथ) दोन गुण देते. हे पहिल्यांदा राज्य स्पर्धेत कळलं तर बाउट संपेपर्यंत सुचत नाही.

आता चुईचं. तोंडाला लागणं हा रागाचा किंवा दुर्लक्षाचा प्रश्न क्वचित असतो. बहुतेक वेळा तो सरावाचा परिणाम असतो. बॅगवर रोज शे-दोनशे ठोसे मारले की हात बॅगच्या आत संपायला शिकतो. शिवाय स्पर्धेत समोरची मुलगी त्याच वेळी पुढे आलेली असते, म्हणून क्लासमध्ये बरोबर थांबणारी मूठ तिथे तोंडावर पोहोचते. तुमच्या विद्यार्थिनीच्या वयोगटात हाताच्या तंत्राने चेहऱ्याला झालेला हलका स्पर्शही ताकीद ओढवतो. ताकिदींची उतरंड अशी: तीन वेळा चुई, मग हान्सोकू-चुई म्हणजे शेवटची ताकीद, मग हान्सोकू म्हणजे बाद. आणि दुखापत होण्यासारखा मार असेल तर रेफरी पायऱ्या चढत बसत नाही, थेट बाद करू शकतो.

टोकियो ऑलिंपिकमधली ७ ऑगस्ट २०२१ ची लढत विद्यार्थ्यांना जरूर सांगा. पुरुषांच्या ७५ किलोवरच्या अंतिम सामन्यात सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४–१ ने पुढे होता. त्याची जोदान (डोक्याच्या उंचीची) लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहला इतक्या जोरात बसली की तो मॅटवर कोसळला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. हामेदी बाद ठरला आणि सुवर्णपदक गंजजादेहला मिळालं. ती लाथ आदळण्याआधी थांबली असती तर तीन गुण देऊन गेली असती. म्हणून ताबा हा तंत्राचाच भाग म्हणून शिकवायचा. शिस्तीचं वेगळं व्याख्यान नको.

सराव असा करा. वर्तमानपत्राची चार बोटं रुंद पट्टी दोरीला बांधून चेहऱ्याच्या उंचीवर टांगा. ठोसा पूर्ण वेगात, पट्टी वाऱ्याने हलली पाहिजे, पण मुठीला लागता कामा नये. तीस ठोसे पुरेत. ते नीट जमलं की दोरी पुढे-मागे झुलवा आणि पट्टी जवळ येताना मारायला लावा. इथे हात अर्ध्यावर थांबवावा लागतो, आणि स्पर्धेत नेमकं तेच करायचं असतं. बॅग लाथांसाठी ठेवा. चेहऱ्याच्या उंचीवरचे ठोसे बॅगवर मारणं या आठ आठवड्यांत पूर्ण बंद करा.

सेन्शूवर बाउट गेली, त्यावर उपाय आहे. समोरच्याने त्याच वेळी गुण न मिळवता जो पहिला गुण घेतो त्याला सेन्शू, आणि बरोबरी झाल्यास तो जिंकतो. म्हणजे पहिल्या गुणाची किंमत पुढच्या एका गुणापेक्षा जास्त. टोकियोतच पुरुषांच्या ७५ किलोखालच्या अंतिम लढतीत इटलीच्या लुइजी बुसाने अझरबैजानच्या रफाएल अगायेव्हला १–० ने हरवलं. पूर्ण अंतिम सामन्यात एकच गुण. तुमची विद्यार्थिनी बहुधा सुरुवातीचे तीस सेकंद समोरचीला "बघण्यात" घालवते. तिला बघू दे, पण त्या दोन रेषांच्या पट्ट्याच्या बाहेरून, पुढच्या हाताने चाचपत, आणि पहिला हल्ला तिच्या सगळ्यात पक्क्या तंत्राचा. पहिला गुण नवीन किंवा दिखाऊ तंत्राने घ्यायचा प्रयत्न करू नये.

पूर्ण दोन मिनिटांच्या फाइट कमी करा आणि तुकडे खेळवा. शेवटचे १५ सेकंद, ती एका गुणाने मागे. शेवटचे १५ सेकंद, गुण समान, सेन्शू तिच्याकडे. शेवटचे ३० सेकंद, ती दोन गुणांनी पुढे पण हान्सोकू-चुईवर. यातला दुसरा तुकडा फार जपून शिकवा. शेवटच्या १५ सेकंदांत सेन्शू असलेली खेळाडू लढत टाळू लागली, पळाली, मुद्दाम रेषेबाहेर गेली किंवा मिठी मारून अडकवू लागली, तर ताकिदीबरोबर सेन्शूही जातो. म्हणून तिने तेव्हा मागे पळायचं नाही. मधोमध राहायचं, समोरची आत येताना तिला ठोशाने अडवायचं, आणि बाजूला सरकायचं. एका तुकड्याचे सहा फेरे, दर फेरीत जोडीदार वेगळा. कोण पुढे, किती वेळ, हे फळ्यावर लिहा, म्हणजे ती फळा पाहून निर्णय घ्यायला शिकेल. मॅटवर गुणफलक कधी पाहायचा हेही ठरवून द्या: यामेनंतर जागेवर परतताना, एकदा, आणि नंतर नजर समोर.

आता क्लासची मांडणी बदला. वॉर्म-अप पंधरा मिनिटं. लगेच, ताज्या अंगाने, नजर-पाऊल-अंतराचा सराव पंचवीस मिनिटं. मग तुकडे किंवा झेंड्यांची फाइट वीस मिनिटं. त्यानंतर दमवणारं काम, आणि शेवटी किहोन किंवा काता. काता खेळणाऱ्या मुलांसाठी आठवड्यातला एक दिवस उलटी मांडणी ठेवा, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल.

दमवणारं काम आठवड्यातून दोनदाच. मिटवर (हातात धरायच्या पॅडवर) किंवा जोडीदारासमोर सात-आठ सेकंद सगळा जीव लावून हल्ले, मग बावीस सेकंद बाउन्स; असे आठ फेरे म्हणजे चार मिनिटांचा एक संच. मध्ये चार मिनिटं विश्रांती. पहिल्या आठवड्यात दोन संच, चौथ्यापर्यंत चार. आठव्या फेरीचा वेग पहिल्याच्या मानाने फारच पडला तर तिथेच थांबवा. उरलेल्या दोन दिवशी दहा मिनिटं पायांची ताकद: एका पायावर बसणं-उठणं, पायरीवरून उतरून स्थिर थांबणं, टाच उचलणं. उडी मारून उतरताना किंवा लाथेला फिरताना मुलींचा गुडघा आत वळतो का ते समोर उभं राहून पाहा. वळत असेल तर उंच लाथांची संख्या आधी कमी करा, कारण या वयात गुडघ्याचं लिगामेंट गेलं तर एक-दीड वर्ष जाऊ शकतं.

आठ आठवड्यांची विभागणी काटेकोर नको. पहिले तीन आठवडे अंतर, खुणा, झानशिन. पुढचे तीन तुकडे, झेंडे आणि बाहेरचे जोडीदार. आसपासच्या दोन-तीन क्लासना रविवारी बोलवा. शैली गोजू-र्‍यू असो की शितो-र्‍यू, जितकी वेगळी तितकी चांगली. त्या रविवारी खऱ्यासारखी स्पर्धा घ्या: पाच बाउट, मध्ये कधी दहा मिनिटं, कधी दीड तास. सातव्या आठवड्यात शेवटची कडक फाइट स्पर्धेच्या सहा दिवस आधी. त्यानंतर वेळ निम्मा, वेग पूर्ण. त्या आठवड्यात नवीन काहीही शिकवू नका.

दोन्ही वेळा पहिलीच बाउट गेली, यामागे आणखी एक शक्यता आहे आणि ती तपासायला सोपी आहे. आपल्याकडे राज्य स्पर्धेत मुलं सकाळी सातला वजन देतात आणि दुपारपर्यंत फरशीवर बसून राहतात. नाव पुकारलं की घाईत गार्ड बांधून थंड अंगाने मॅटवर जातात. पहिले चाळीस सेकंद शरीर जागं व्हायला जातात, तोवर सेन्शू गेलेला असतो. ड्रॉची यादी लागली की तिच्या आधी किती बाउट आहेत मोजा. एका बाउटला नाव पुकारणं आणि थांबणं धरून साधारण साडेतीन-चार मिनिटं धरा. तिच्या बाउटच्या तीस मिनिटं आधी उठवा. आठ मिनिटं दोरी आणि हलकं पळणं, सात मिनिटं सांधे मोकळे करणं, मग जोडीदारासमोर अंतर आणि खुणा, शेवटी पंधरा सेकंदांच्या तीन पूर्ण वेगाच्या चकमकी. पुढच्या बाउटपर्यंत ट्रॅकसूट अंगावर. दोन बाउटमध्ये तासाहून जास्त वेळ गेला तर हेच अर्ध्या मापात पुन्हा.

सकाळी, खेळायच्या तीन तास आधी, इडली किंवा कमी तेलाचे पोहे आणि केळं. मध्ये खजूर, राजगिऱ्याचा लाडू, लिंबूपाणी साखर-मीठ घालून, थोडं थोडं. मैदानाबाहेरचा वडापाव बाउट संपल्यावर.

तुमच्या खुर्चीबद्दल थोडं. बाउट चालू असताना "मार, मार" ऐकून कोणी मारत नाही. तिला फक्त आवाज कळतो आणि तो घाईचा असतो. तीन शब्द आधी ठरवा, क्लासमध्ये तेच वापरा, आणि ते यामेच्या वेळी म्हणा: "मध्य" म्हणजे कोपऱ्यातून बाहेर ये, "थांब" म्हणजे तिला येऊ दे आणि उत्तर दे, "वेळ" म्हणजे शेवटचे पंधरा सेकंद. जजकडे हात करून ओरडू नका. त्याने गुण मिळत नाही. मुलीचं लक्ष मात्र तुमच्याकडे जातं. मोठ्या स्पर्धेत व्हिडिओ रिव्ह्यू असेल तर तो राखून ठेवा. फेटाळला गेला की हातातून जातो, म्हणून स्वतः स्पष्ट पाहिलेल्या गुणासाठीच मागा.

डोक्याला मार लागून ती गोंधळली, डोकं दुखतंय म्हणाली, उलटी आली, किंवा बाउटमधलं तिला आठवेनासं झालं, तर त्या दिवशी पुढची बाउट नाही, अंतिम फेरी असली तरी. डॉक्टरांनी मोकळं केल्याशिवाय फाइटही नाही. मार लागून पडलेली खेळाडू दहा सेकंदांत उभी राहिली नाही, तर नियमानेच त्या स्पर्धेतल्या तिच्या पुढच्या कुमिते बाउट बंद होतात. गमशील्ड दातांना नीट बसणारी घ्या. गरम पाण्यात मऊ करून चावून घडवायची मिळते, आणि ती निदान दोन आठवडे सरावात वापरलेली असावी, नाहीतर बाउटमध्ये श्वास अडतो.

स्पर्धेनंतर, जिंकली किंवा हरली तरी, त्या दिवशी व्हिडिओ दाखवू नका. दोन दिवसांनी तिला एकटीला पाहू द्या आणि वहीत तीन रकाने भरू द्या: कोणाचा गुण, तो कोणत्या अंतरावरून, आणि त्याआधीच्या सेकंदात तिचे पाय काय करत होते. मग तुमचा रकाना वेगळ्या शाईने भरा. दोन्हींत जिथे फरक पडेल, पुढच्या सोमवारी सरावाची सुरुवात तिथून करा.